चिऱ्याची भिंत आणि दोनशे एमबीपीएस

'नेट स्लो आहे' ही तक्रार तशी अर्धवटच असते. कुठे स्लो, कधी स्लो, कुणाच्या मोबाइलवर स्लो, हे न विचारता इलाज करायला गेलं की पैसे जातात आणि स्पीड तेवढाच राहतो. आमच्या घरात तर प्रत्येकाचं गाऱ्हाणं वेगळं. सासूबाई म्हणायच्या, "ओटयेर लागता, माजघरात गेलंय काय बंद." मुलगा म्हणायचा, दुपारी गेम नीट चालतो, रात्री जेवणं झाली की अडकतो. दिराचं म्हणणं, मोबाइलवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात, तरी व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. आणि मागच्या खोलीत बसून जीएसटीचं पोर्टल उघडायचं तर मधे चहा टाकून, गाळून, पिऊन व्हायचा, हे माझं. ही चार गाऱ्हाणी म्हणजे चार निरनिराळे बिघाड होते. बाहेरून मात्र सगळ्यांना नाव एकच: वायफाय चालत नाही.

आमचं घर मालवणजवळ देवबागला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी, आणि त्या पट्टीवर माडांखाली दाटीवाटीने घरं. त्यातल्या बऱ्याच घरांतून आता पर्यटकांसाठी खोल्या आहेत. मूळ घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, भिंती दीड फुटी, वर मंगलोरी कौलं. पुढे ओटी, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागे समुद्राच्या बाजूला परसू. परसात मांगर होता, तो पाडून स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या. एक पाहुण्यांना, एक मला. कुडाळ-कणकवलीकडच्या काही दुकानदारांचे हिशेब आणि रिटर्न मी त्या खोलीत बसून करते. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने विजेचे खांब आडवे केले, कित्येक दिवस अंधारात गेले. खांब पुन्हा उभे राहिले, आणि पुढे त्यांच्यावरूनच फायबर, म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाशाने येणारं नेट, वाडीत आलं. प्लॅन घेतला दोनशे एमबीपीएसचा. मागच्या खोलीत हातात पडायचे तीन-चार.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचे आकडे वाचताना घोळ होणार नाही. प्लॅनमधले दोनशे हे मेगाबिट असतात आणि डाउनलोड होताना कॉम्प्युटर दाखवतो ते बहुधा मेगाबाइट. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे दोनशेच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला पंचवीस मेगाबाइटने उतरली तर कंपनीने आपल्याला पूर्ण माप दिलं. वाडीतले निम्मे लोक या एका गोष्टीवरून कंपनीशी भांडतात.

कंपनीला फोन लावला की पहिलं उत्तर ठरलेलं: बंद करून चालू करा. ते अगदीच वेडगळ नाही. राउटर नव्याने चालू होताना चॅनल, म्हणजे वायफायवर बोलायची लहरपट्टी, पुन्हा निवडतो, लोंबकळत राहिलेली कनेक्शनं तोडतो, त्यामुळे तासभर बरं वाटतं. पण आजार जात नाही, आणि तासभर बरं वाटल्यामुळे तो कुणी शोधतही नाही. पुन्हा पुन्हा फोन केल्यावर फायबरवाला मुलगा आला. त्याच्याकडे प्रकाश मोजायचं हातातलं यंत्र असतं. त्याने पिवळी वायर काढून त्यात लावली, आकडा दाखवला, उणे एकवीस. "वैनी, लाइन क्लियर आसा. सत्तावीसच्या खाली गेली तर माका बोलवा. हय घरातलाच कायतरी हा." त्याचं खरं होतं. उणे सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत कंपनीने घरात लावलेला डबा तो प्रकाश नीट वाचू शकतो. एकवीस म्हणजे लाइन ठणठणीत. मग त्याने राउटरला चिकटून उभं राहत मोबाइलवर स्पीड टेस्ट लावली, नव्वदच्या आसपास आला, सही घेतली आणि गेला.

नव्वद का, दोनशे का नाही, हा प्रश्न त्याने विचारला नाही. माझ्या डोक्यात मात्र तो राहिला, कारण हिशेबात शंभराच्या जरा खाली थबकणारा आकडा दिसला की कुठेतरी मर्यादा लागलेली असते.

इथून पुढे मी एकच नियम धरला. आधी वायफायला हातच लावायचा नाही, वायरने मोजायचं. माझ्या लॅपटॉपला लॅनची, म्हणजे नेटची वायर लावायची, खाच नाही, म्हणून यूएसबीला लावायचं छोटं अडॅप्टर आणलं. कंपनीच्या डब्याला थेट वायर लावली: १९६. त्या डब्यातून आमच्या राउटरला जाते त्या वायरीच्या पलीकडे, म्हणजे राउटरच्या लॅन खाचेत लावली: ९४. आता बिघाड सापडण्याजोग्या जागेत आला होता, डबा आणि राउटर यांच्यातल्या हातभर वायरीत.

ती वायर काढून उजेडात धरली. प्लास्टिकच्या पारदर्शक टोकात आठ बारीक धातूच्या पात्या असतात, त्यांच्यावर सोन्याचा पातळ मुलामा. आमच्या वायरीत एका कडेच्या दोन पात्यांवर हिरवट बुरशीसारखा थर आला होता. देवबागच्या हवेत हे नवल नाही. इथे कडीकोयंडे गंजतात, पंख्याची पाती गंजतात, गॅस शेगडीचे बर्नर गंजतात. स्वस्त वायरीतला मुलामा इतका पातळ की खारी हवा आत शिरून तांब्याला खाते. आणि गंमत अशी की अशी वायर बंद पडत नाही. लॅनच्या वायरीत तारांच्या चार जोड्या असतात. शंभर एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, त्याच्या वर गिगाबिटला चारही लागतात. एक जोडी खराब झाली की दोन्हीकडची यंत्रं आपसात समजून घेऊन शंभरावर उतरतात आणि मुकाट्याने काम करत राहतात. खाचेजवळचा दिवा हिरव्याऐवजी नारिंगी लागत होता, तेवढाच त्यांचा बोभाटा. तो दिवा टीव्हीच्या मागे भिंतीकडे तोंड करून होता. नवी वायर लावली, दिवा हिरवा झाला, राउटरवरही १९५ आले.

हा झाला सगळ्यांचा सामाईक बिघाड. पण यामुळे मागच्या खोलीतले चार काही चाळीस झाले नाहीत, कारण तिथला अडसर वेगळाच होता.

आता वायफाय. इथे एक अगदी साधी तपासणी मला सगळ्यात उपयोगी पडली, आणि तिला पैसाही लागत नाही. लॅपटॉपवर कमांडच्या दोन विंडो शेजारी शेजारी उघडायच्या. एकीत घरातल्या राउटरला पिंग लावायचं, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघत राहायचं, आमच्याकडे त्याचा पत्ता १९२.१६८.१.१. दुसरीत बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला, मी ८.८.८.८ घेते. दोन्ही चालू ठेवून लॅपटॉप घेऊन घरभर हिंडायचं. ओटीवर राउटरचं उत्तर दोन-तीन मिलिसेकंदांत येत होतं, बाहेरचं पंचवीस-तीसमध्ये. माजघरात राउटरचं दहा-पंधरा. मागच्या खोलीत राउटरचंच उत्तर कधी चाळीस, कधी तीनशे, कधी 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. ज्याला परसाच्या पलीकडून घरातल्याच राउटरपर्यंत धड पोचता येत नाही, त्याने मुंबईतल्या सर्व्हरला दोष का द्यावा? घरातलं पिंग स्थिर आणि बाहेरचं डळमळीत असेल तर कंपनीला फोन करावा. घरातलंच डळमळीत असेल तर फोनचे पैसे वाचवावेत.

मग मोबाइलवर वायफाय मोजणारं ॲप घेतलं. त्यात सिग्नल डीबीएममध्ये दिसतो, आकडा उणे असतो, आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. राउटर तेव्हा ओटीवर टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटाला टेकून होता, कारण फायबर बाहेरून तिथेच आत येत होतं. ओटीवर उणे ३८. माजघरात ५८. स्वयंपाकघरात ७१. मागच्या खोलीत ८४, दार लावलं की ८७. व्हिडिओ कॉल सुखाने चालायला साधारण उणे ६७च्या अलीकडे असावं लागतं. ही मोजणी अशी की तीन डीबी गेले की ताकद निम्मी होते, दहा गेले की दहावा हिस्सा उरतो. माजघरातून स्वयंपाकघरात जाताना तेरा गेले, म्हणजे मधल्या एका भिंतीने आणि तेवढ्या अंतराने विसावा हिस्सा शिल्लक ठेवला. मी हे कागदावर मांडत होते तेव्हा आबा, म्हणजे सासरे, झोपाळ्यावरून म्हणाले, "चिऱ्याची भित हा ती, कागदाची न्हय. उन्हाळ्यात घर थंड रवता तेव्हा बरा वाटता मा?"

हे सगळे आकडे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचे. राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५. पाच गिगाहर्ट्झवर वेग भरपूर, गर्दी कमी, पण भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो. आमच्या ओटीवर त्यावर पावणेदोनशे मिळत होते, मागच्या खोलीत त्याचं नावसुद्धा यादीत दिसत नव्हतं. राउटरवर '५जी' लिहिलं म्हणजे मोबाइलचं फाइव्ह-जी नव्हे, हे सांगून सांगून दमले आहे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

पावसाळ्यात एक गोष्ट कळली ती कुठल्या यूट्यूबवाल्याने सांगितलेली नव्हती. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. म्हणून तर मिरग सुरू व्हायच्या आधी समुद्राकडच्या भिंतीला चुडतांची, म्हणजे माडाच्या झावळ्यांची, झड बांधायची पद्धत. आता बहुतेक जण निळं प्लास्टिक मारतात. पाणी या लहरी शोषून घेतं. जुलैत स्वयंपाकघराची मागची भिंत ओलीचिंब झाल्यावर त्याच जागी, त्याच मोबाइलवर मोजलं तर मे महिन्यापेक्षा पाचेक डीबी कमी. आधीच उणे ८४ असलेल्या खोलीत पाच जाणं म्हणजे मग काही उरतच नाही. पावसात नेट जातं ही आमच्याकडची जुनी ओरड आहे आणि तिचं खापर दर वेळी खांबावरच्या वायरीवर फुटतं. तीत थोडा वाटा घराच्या भिंतींचाही असू शकतो.

मुलाचं रात्रीचं दुखणं मात्र भिंतीचं नव्हतं. तेच ॲप रात्री नऊला उघडलं आणि दुपारच्या मानाने वेगळंच चित्र दिसलं. डिसेंबर महिना, वाडी पाहुण्यांनी भरलेली, तीसच्या वर नेटवर्कं. प्रत्येक घरगुती निवासाचं एक, काहींची दोन-दोन, शिवाय पर्यटकांच्या मोबाइलचे हॉटस्पॉट. खेड्यात चॅनलची गर्दी होत नाही असं लिहिणाऱ्याने देवबागचा नाताळ पाहिलेला नसावा. २.४च्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनल दाखवतात, पण चॅनल पाच-पाच मेगाहर्ट्झवर आणि प्रत्येकाचा पसारा वीस-बावीसचा, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे म्हणून सहसा तीनच धरतात: १, ६ आणि ११. आमचा राउटर 'ऑटो'वर होता आणि त्याने चार नंबर धरला होता, तोही चाळीस मेगाहर्ट्झ पसरून. हे सगळ्यात वाईट. एकाच चॅनलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून आपापली पाळी तरी घेतात. अधल्यामधल्या चॅनलवर बसलं की दोन्हीकडचं बोलणं नुसता गोंगाट म्हणून कानावर येतं. मी पसारा वीसवर आणला आणि चॅनल ११ पक्कं केलं, कारण आमच्या बाजूला तिथे गर्दी सगळ्यात कमी होती. टीव्ही, मुलाचा लॅपटॉप आणि नवे मोबाइल पाचच्या पट्ट्यावर टाकले आणि त्यांच्यातून २.४चं नाव विसरायला लावलं. ते 'विसरायला लावणं' महत्त्वाचं. नाहीतर यंत्रं जुन्या ओळखीने पुन्हा तिकडेच जातात.

रात्रीच्या गाऱ्हाण्यात आणखी एक गुन्हेगार होता, आणि तो पैसे देणारा गिऱ्हाईक निघाला. इथे येणारा पर्यटक दिवसा स्कुबा करतो, पाण्याखालचे व्हिडिओ काढतो, आणि रात्री खोलीत आला की ते सगळे एकदम क्लाउडवर चढवायला लावून झोपतो. अपलोड तुंबला की डाउनलोडही रखडतो, कारण काहीही मागवायचं तर आधी मागणी वर जावी लागते, पोच वर जावी लागते. राउटरमध्ये बँडविड्थ कंट्रोल नावाचं पान असतं, तिथे पाहुण्यांच्या जोडणीला अपलोडची मर्यादा घातली. कुणी तक्रार केलेली नाही. पहाटेपर्यंत व्हिडिओ चढतात.

दिराने आणलेल्या रिपीटरबद्दल लिहायलाच हवं, कारण वाडीत दर दुसऱ्या घरात तो भिंतीच्या सॉकेटला लटकलेला आहे. पाच-सातशे रुपयांत मिळतो, लावला की मोबाइलवर दांड्या भरतात, माणूस खूश. पण त्या दांड्या मोबाइल आणि रिपीटर यांच्यातल्या. रिपीटरला राउटरचं किती ऐकू येतं ते त्या सांगत नाहीत. दिराने तो स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी लावला होता, जिथे सिग्नल उणे ७१. म्हणजे ज्याला स्वतःला धड ऐकू येत नाही अशाला निरोप्या म्हणून मधे उभं केलं. वर एकच रेडिओ असलेला रिपीटर एका वेळी एकतर ऐकतो नाहीतर बोलतो, म्हणून जे काही त्याच्यापर्यंत पोचतं त्याच्याही निम्म्यावर येतं. तो माजघरात, सिग्नल चांगला असेल अशा जागी लावला असता तर थोडा उपयोग होता. पण माजघरातून मागच्या खोलीपर्यंत तीच ओली भिंत आणि वर पत्र्याची शेड. पत्रा तर लहरी परतवूनच लावतो.

पुढचं काम राउटर हलवायचं. जुन्या कौलारू घरात एक सोय असते जी स्लॅबच्या घरात नाही. आतल्या भिंती बऱ्याच ठिकाणी कौलापर्यंत जात नाहीत, त्या माळ्याच्या तुळयांपाशी थांबतात आणि वर सगळं मोकळं असतं. चुलीचा धूर घरभर कसा पसरायचा हे ज्याने पाहिलं आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. जिथून धूर जातो तिथून सिग्नलही जाईल असं धरून राउटर माजघराच्या माळ्याला, कडेच्या तुळईवर चढवला. अगदी कौलाखाली नाही, तिथे मे महिन्यात त्याचं भाजून भरीत होईल. अँटेना उभ्या ठेवल्या. त्या ज्या दिशेने उभ्या असतात त्याच्या आडव्या अंगाला सिग्नल फेकतात. फायबरवाल्याने पिवळी वायर वाढवून दिली आणि बजावलं की तिला घडी घालू नका, वळसा मोठा ठेवा. काचेची तार घट्ट वळवली की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. उंदरांसाठी तिच्यावर नळी चढवली. स्वयंपाकघरात उणे ७१चे ६० झाले, पाचचा पट्टाही पोचायला लागला, आणि सासूबाईंची तक्रार त्या दिवशी संपली.

मागच्या खोल्यांना मात्र माळ्यावरून काही मिळालं नाही. ८४चे ७९ झाले, बस्स. इथे पर्याय तीन होते. मेश घ्यावं, म्हणजे दोन-तीन डबे जे आपसात बोलतात. पण डबे आपसात बोलणार कसे? वायरलेस, त्याच भिंतीतून. त्याला महागाचा रिपीटर म्हणायला माझी हरकत नाही. दुसरा, विजेच्या वायरीतून नेट नेणारे प्लग. मागच्या खोल्यांचं मीटर व्यावसायिक, वेगळं, त्यामुळे तो रस्ता तिथेच बंद. तिसरा, सरळ वायर ओढणं.

वायर म्हणजे तांब्याची लॅनची, असंच मी धरून चालले होते. अंतर तीस-पस्तीस मीटर, आणि ती शंभर मीटरपर्यंत चालते. दुकानात दोन भावांची मिळते. स्वस्त निघते ती बहुतेक वेळा सीसीए, आत ॲल्युमिनियम आणि वर तांब्याचा लेप. तार ब्लेडने खरवडली की तांबड्याखाली पांढरं दिसतं. ती घेऊच नये, खाऱ्या हवेत तर मुळीच नाही. मी शुद्ध तांब्याची घ्यायला निघाले तेव्हा फायबरवाल्या मुलानेच अडवलं. "वैनी, दोन घरांच्या मधी तांबा नको. वळवाक वीज चमकली काय दोन्हीकडचे डबे जातले." त्याचं पटलं. वीज थेट पडायला लागत नाही, जवळपास पडली तरी लांब तांब्यात झटका उतरतो, आणि ऑक्टोबरात इथे संध्याकाळ-संध्याकाळ गडगडाट चालतो. काचेतून वीज वाहत नाही. तेव्हा माजघर ते मागची खोली फायबर, आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे प्रकाशाचं लॅनमध्ये आणि लॅनचं प्रकाशात करणारे तळहाताएवढे डबे. ते जोडीनेच घ्यायचे, एक ए आणि एक बी, कारण एकाच तारेतून जाणारा आणि येणारा प्रकाश वेगवेगळ्या रंगाचा असतो. दोन्ही ए लावले तर दिवा लागतच नाही. आणि खोक्यावर गिगाबिट लिहिलेलं पाहूनच घ्यायचे, शंभरवालेही त्याच फळीवर असतात.

वायर माडांना बांधून नेऊ नये. माड हलतो, आणि वरून चुडत पडलं की खालचं काही शिल्लक राहत नाही. आम्ही परसात वाळूत हातभर चर खणला, पाइप टाकला, त्यातून ओढली. वाळू असल्याने हे काम सोपं, फक्त माडाची मुळं टाळावी लागली.

जोड बघायला घरातले सगळे माजघरात जमले होते. फायबरवाल्या मुलाने काळ्या वायरीचं आवरण सोललं, आतून केसासारखी काचेची तार निघाली, जाडी सव्वाशे मायक्रॉन. ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, छोट्या कापणीयंत्रात ठेवून टक्कन कापली. कापलेला तुकडा त्याने जमिनीवर पडू दिला नाही, मनगटाला लावलेल्या चिकटपट्टीवर चिकटवला. पायात गेला तर दिसत नाही आणि निघत नाही. मग दोन टोकं जोडयंत्रात. पडद्यावर दोन जाड दांडके समोरासमोर आले, आपले आपण वरखाली सरकून एका ओळीत झाले, एक ठिणगी, आणि खाली आकडा ०.०२ डीबी. भिंतीने एका फटक्यात तेरा खाल्ले होते, आणि हा जोड, हिशेब केला तर, जेमतेम अर्धा टक्का खातो.

मागे लावायला जुना राउटर होताच. त्याला नुसता ॲक्सेस पॉइंट करायचा, म्हणजे वायरीतून आलेलं नेट वायफायवर देणारा. आधी त्याला एकटा लॅपटॉपला जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, नाहीतर मुख्य राउटरशी भांडण. मग डीएचसीपी बंद, कारण घरात पत्ते वाटणारा एकच असावा. आणि कन्व्हर्टरमधून आलेली वायर निळ्या वॅन, म्हणजे बाहेरचं नेट घ्यायच्या, खाचेत न लावता पिवळ्या लॅन खाचेत. बरेच जण वॅनमध्ये लावतात. नेट चालतं, म्हणून कळत नाही, पण मागच्या खोलीचं घराहून वेगळं नेटवर्क तयार होतं आणि पुढे प्रिंटर सापडत नाही म्हणून डोकं फुटतं. चॅनल त्याला १ दिलं, पुढच्याला ११ होतंच. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवले. पाहुण्यांच्या खोलीतल्या मोबाइलना पुढच्या राउटरने धरून ठेवू नये म्हणून त्याची २.४ची ताकद 'हाय'वरून 'मीडियम' केली. सगळ्या दांड्या भरलेल्या असाव्यात या हौसेपायी हे कुणी करत नाही.

आता मागच्या खोलीत लॅपटॉप वायरनेच जोडलेला आहे, १९० मिळतात. पाहुण्यांच्या खोलीत वायफायवर साठ-सत्तर. तो जुना राउटर पाचच्या पट्ट्यावर बोलतच नाही, आणि पाहुण्यांना तेवढं पुष्कळ आहे. डबा आणि राउटरमधली वायर दर पावसाळ्यानंतर बदलते, दीडशे रुपयांची आहे. जपून वापरण्याच्या लायकीची नाही. शेजारच्या दोन घरांनी आपले राउटर १ आणि ६ वर लावून घेतले, मी त्यांच्या दारात जाऊन मागे लागले म्हणून. बाकीचे अजून ऑटोवरच आहेत.

राहिला प्रश्न लाइटीचा. पूर्वी एक डबा आणि एक राउटर चालू ठेवला की भागायचं, त्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस होता. आता माळ्यावर राउटर आणि कन्व्हर्टर, मागे कन्व्हर्टर आणि ॲक्सेस पॉइंट, आणि कन्व्हर्टर पाच व्होल्टवर चालतो. माळ्यावरची जोडी दोन व्होल्टेज देणाऱ्या यूपीएसवर टाकली आहे. मागच्यासाठी तसलाच मागवला आहे, तो अजून मालवणातच अडकून आहे. तोपर्यंत लाइट गेली की मी लॅपटॉप उचलून माजघरात येते.